बोंडूचा वाटा

फेब्रुवारीत भाऊ कोल्हापूरहून आला तो खोक्यात ससा घेऊन. लेकीचा वाढदिवस होता. सोबत अर्धा किलो गाजरं. "हेच खातंय म्हणाला विकणारा," एवढी एका ओळीची माहितीही त्याने दिली आणि दुसऱ्या दिवशी आंबोली घाट चढून परत गेला.

ससा तांबूस-पिवळा. आमच्या आगरात तेव्हा काजू धरायला लागले होते, म्हणून लेकीने नाव ठेवलं बोंडू, म्हणजे काजूचं फळ. पुढे या नावामुळे घरात एक विनोद कायमचा होऊन बसला, कारण बोंडूला बोंडू द्यायचा नाही हे पाहुण्यांना समजावताना माझी दर वेळी फजिती व्हायची. (बोंडात साखर फार. खरंच नाही द्यायचा.)

पहिले तीन आठवडे आम्ही त्याचे नुसते लाड केले. गाजर होतंच. त्याशिवाय कोबी, सकाळचे पोहे, नवऱ्याच्या बशीतलं बिस्किट. येणारा-जाणारा काहीतरी भरवायचा आणि तोही समोर येईल ते खायचा. खातोय म्हणजे बरा आहे, हे आमचं माणसांचं गणित. भात आवडीने खाणाऱ्या पोराची काळजी कोण करतं?

मग एका रविवारी सकाळी तो कपाटामागे पाठीची कमान करून बसलेला सापडला. बोलावलं तर हालेना. जवळ कान नेला तर दात कर्र कर्र वाजत होते. खोक्यात रात्रभरात एकही लेंडी नव्हती. पोटाला हात लावला तर टणक, वाजवलं असतं तर ढोल वाजला असता. सासूबाईंनी ओवा उगाळायला घेतला. नवरा औषधांच्या दुकानात जाऊन लहान मुलांचं अँटिबायोटिक घेऊन आला. दुकानदाराने "पोटाला काहीतरी लागलं असेल, दोन थेंब द्या" असं सांगितलं होतं. दोन्ही द्यायच्या आत मी खोकं उचललं आणि गुरांच्या डॉक्टरांच्या घरी गेले. ते माझं आणि बोंडूचं नशीब.

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "माझ्याकडे गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या. ससा वर्षातून एखादा." पण त्यांनी मुंबईतल्या एका सोबत्याला फोन लावला आणि तिथून विचारत विचारत उपचार केले. आधी पोट तपासून आत नुसता वायू आहे की काही अडकलंय ते पाहिलं. मग वेदनेचं इंजेक्शन, कातडीखाली सलाइन, वायूसाठी थेंब. आमच्या हातातली अँटिबायोटिकची बाटली पाहून मात्र त्यांचा चेहरा बदलला. अ‍ॅमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्या घरातलं औषध. सशाला तोंडाने दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणूच मरतात आणि त्यात ससा दगावू शकतो. माणसाच्या पोराला रोज देतात ते औषध, सशाला विष. बाटली त्यांनी ठेवूनच घेतली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला बोंडूने तीन लेंड्या टाकल्या. वाटाण्याच्या निम्म्याने, वेड्यावाकड्या. आम्ही चौघं त्यांच्याभोवती उकिडवे बसून पाहत होतो.

त्या दिवशी डॉक्टरांच्या पडवीत बसून जे ऐकलं ते मी घरी येऊन लेकीच्या जुन्या वहीत लिहून काढलं. ससा ओकू शकत नाही. वायू वर येत नाही, खाल्लेलं परत येत नाही, सगळं पुढेच जायला हवं आणि ते ढकलतो चोथा. लहान आतडं संपतं तिथे त्याला सीकम नावाची मोठी पिशवी असते, तिच्यात जिवाणू चोथा आंबवतात. पोहे, बिस्किट, गाजर असलं पिष्ट आणि साखर तिथे पोचली की नको ते जिवाणू माजतात, वायू धरतो, आतडं थांबतं. आतडं थांबलं की ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. दहा-बारा तास ससा काही खाल्ल्याविना राहिला तर उद्या बघू म्हणायचं नाही. आणि दात. सशाचे सगळेच्या सगळे २८ दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजतात गवत चघळून. गाजर कुरकुरीत असलं तरी चार घासांत संपतं, झिजवणार किती?

मी विचारलं, "मग भाज्या कुठल्या द्यायच्या?"

डॉक्टर म्हणाले, "आधी गवत विचारा."

घरी आल्यावर सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ह्यां जनावर आसा गो, पावणो न्हय. गवत घाल तेका." म्हणजे त्यांना हे आधीपासून माहीत होतं. तीन आठवडे बोलल्या का नाहीत, हे मी विचारलं नाही. पोह्यांत त्यांचाही हात होता.

तर खाण्यात ८० टक्क्यांच्या वर गवत. रोज निदान सशाच्या अंगाएवढा ढीग. उरलेल्यात पालेभाजी, वजनाच्या किलोमागे साधारण एक वाटी भरून. फळ आणि गाजर चमचाभर, तेही रोज नाही. हे कळलं आणि मी इंटरनेटवर यादी शोधायला बसले. यादी सापडली, पण ती कुठल्यातरी थंड देशातली. केल, रोमेन लेट्यूस, अरुगुला, डँडेलियन. वेंगुर्ल्याच्या बाजारात भाजीवालीला यातलं काय मागणार? ती आधीच मला "गाजराची पानां खंय गावतली?" म्हणून हसली होती, कारण घाटावरून येणारं गाजर मान कापूनच येतं.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. बाजारात आणि परसात जे आहे ते एकेक घ्यायचं, डॉक्टरांना विचारायचं, चालेल म्हणाले तर एका वेळी एकच नवं पान, तेही दोन-चार काड्या. मग दोन दिवस थांबायचं आणि लेंड्या बघायच्या. लेंडी गोल, कोरडी, चुरडली तर आत गवताचा भुसा दिसला की पान पास. लहान, जोडलेल्या किंवा मऊ झाल्या की पान बंद. वहीत एका पानाला एक पान, असा माझा कारभार. नवऱ्याने तिचं नाव लेंडीवही ठेवलं.

कोथिंबीर पहिल्या फटक्यात पास झाली. पुदिनाही. शेपू मला स्वतःला आवडत नाही, पण बोंडू त्यासाठी दोन पायांवर उभा राहायचा. मेथी चालली, थोडी. मुळ्याचा पाला तर त्याला मुळ्यापेक्षा प्रिय. आणि खरा शोध लागला तो फ्लॉवरच्या पानांचा. गड्डा विकताना भाजीवाली ती काढून टोपलीत टाकते आणि संध्याकाळी गुरांसाठी कोणीतरी नेतं. जाड देठाची पानं, फुकट! गड्ड्याने आणि कोबीने वायू धरतो तसा या पानांनी आमच्या सशाला कधी धरला नाही, तरी मी रोज दोनच देते. कोबी मात्र घरात शिजतो तेवढाच.

पालक आणि लाल भाजी (लाल माठ) यांची गोष्ट वेगळी. विषारी नाहीत, पण दोन्हींत ऑक्झलेट भरपूर, म्हणून आठवड्यातून एकदा, बाकीच्या पाल्यात मिसळून. शेवग्याचा पाला आमच्या दारातच. लोक त्याचे गुण गातात म्हणून मी खुशीत होते, पण त्यात कॅल्शियम फार. आपलं शरीर गरजेपुरतं कॅल्शियम घेतं, सशाचं जेवढं मिळेल तेवढं शोषतं आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतं. मग लघवी दुधासारखी गढूळ होते आणि मूत्राशयात गाळ साठू शकतो. म्हणून शेवग्याची एक डहाळी, कधीतरी.

कांदा, लसूण, पात यांच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बटाटा नको आणि त्याचे कोंब, पाला तर मुळीच नको. याउलट रताळ्याच्या वेलाची पानं चालतात. हे दोन पाले एका ओळीत कोणी सांगितले की मी बोलणाऱ्याला थांबवून पुन्हा विचारते.

अळवाच्या बाबतीत लेकीने मला घाम फोडला. पावसाळ्यात विहिरीकडे अळू माजतं. ती एक मोठं पान छत्रीसारखं डोक्यावर धरून आली आणि तेच बोंडूपुढे टाकलं. चिंच घालून शिजवलेल्या अळवानेही कधीकधी आपला घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चं पान म्हणजे त्या सगळ्या सुया जिभेत. बोंडूने हुंगून पान सोडलं. प्राण्याला आपोआप कळतं असं यावर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जाहीर केलं, पण ज्याने बिस्किट ओळखलं नाही त्याच्या अकलेवर मी अळू सोडणार नाही. शेवळं, सुरण, टाकळा याही रानभाज्या आमच्या पानात, त्याच्या नाहीत. टाकळ्यात रेचक द्रव्यं असतात आणि सशाला जुलाब म्हणजे चेष्टा नव्हे.

गावात यावर हमखास येणारा प्रश्न: "रानातलो ससो काय खाता मगे? तेका खंय डॉक्टर?" प्रश्न चुकीचा नाही. पण आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, संध्याकाळी उड्या मारतो तो वेगळा प्राणी. त्याची पिल्लं डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊन जन्मतात. पाळीव ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज, त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी. शिवाय रानातला ससा रात्रभर मैलभर फिरून शंभर जातीचं गवत निवडतो. बोंडूला निवड आम्ही देऊ तेवढीच. आणि रानातल्या किती सशांची पोटं फुगली हे मोजायला तरी कोण गेलंय?

मे महिन्यात एक आंब्याचा बाठा कोणीतरी खाली टाकला. दोन दिवस मऊ, चिकटलेल्या लेंड्या. कोणी टाकला ते घरात अजून कबूल झालेलं नाही. याच सुमारास आईंनी पहाटे पाहिलं की बोंडू मागे वाकून काहीतरी थेट तोंडात घेतोय. "शी! स्वताचोच गू खाता ह्यो!" त्यांनी दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. तो गू नव्हे. सीकममध्ये आंबवलेल्या मऊ, चकचकीत गोळ्या असतात, द्राक्षाच्या घडासारख्या जोडलेल्या. त्यात प्रथिनं आणि जीवनसत्त्वं, त्या त्याने परत खायच्याच असतात. मी गाईच्या रवंथाशी तुलना करून समजावलं. "गाय असां करीत नाय," एवढंच उत्तर आलं.

आता गवताची गोष्ट, जी खरी कठीण.

पहिलं गवत मी ऑनलाइन मागवलं. टिमोथी गवत, थंड प्रदेशातलं, किंमत पाहून नवऱ्याने विचारलं की यात केशर आहे का. लसूणघासही (अल्फाल्फा) मिळतो, पण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना ठीक, मोठ्याला नको. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून मी तीन किलोची घेतली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती उघडली तर आत हात घालताच पांढरी धूळ उडाली. वास जुन्या गोणपाटाचा. बुरशी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंतीला, चपलेला, देवघरातल्या फोटोला बुरशी येते, गवताला का येणार नाही? पण हे लक्षात यायला सगळी पिशवी फेकून द्यावी लागली. बुरशीचं थोडं गवत झटकून वापरू म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगते, नका वापरू.

जुलैत घाटात दरड कोसळली. आमचा भाजीपाला बेळगावकडून येतो, तो दोन दिवस आलाच नाही. आला तेव्हा कोथिंबिरीची जुडी ४० रुपये, ती अर्धी कुजलेली. इंटरनेटवरच्या यादीतली एकही भाजी नाही आणि माझ्या वहीतलीही नाही. त्या आठवड्यात बोंडू पूर्णपणे परसावर जगला. दारातली हरळी, म्हणजे दूर्वा, कापून आणायची, दोन पाण्यांतून धुवायची, फडक्यावर पसरून पंख्याखाली सुकवायची. धुवायची, कारण पावसात शेतातून उंदीर फिरतात, आमच्या जिल्ह्यात लेप्टोचं (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचं) भय सगळ्यांना माहीत आहे आणि कुंपणाजवळ कुत्रीही येतात. शिवाय सुपारीवर फवारणी केली की आठ-दहा दिवस खालच्या गवताला हात लावायचा नाही. केळीचं पान फाडून दिलं तर तो एका टोकाने सुरू करायचा आणि टाइपरायटरसारखा दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. जास्वंदीची पानं आणि फुलंही. तुळशीची चार पानं त्याने स्वतःच घेतली, वृंदावनावर चढून. "माझे तुळशीक तोंड लावल्यान मेल्यान!" आई म्हणाल्या. तुळस त्याला चालते असं मी म्हणाले, पण प्रश्न तो नव्हता.

गंमत म्हणजे त्या आठवड्यात त्याच्या लेंड्या वर्षातल्या सगळ्यात चांगल्या होत्या. वहीत लिहिलंय: मोठ्या, फिकट, सारख्या.

चवथीला दूर्वांची कमी नसते, निवडून उरलेल्या सगळ्या बोंडूच्या. पण चवथीतच मला सर्वांत जास्त धास्ती. माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी मांडवाला, बांधायला रानातून काय काय येतं, त्यात कवंडळाचं विषारी फळ असतं आणि गौरीबरोबर कळलावी येते. तिला गौरीचे हात म्हणतात, ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं. दिसायला तिच्याइतकं देखणं काही नाही आणि तिच्या कंदापासून फुलापर्यंत सगळं विषारी. माणसाला मारतं, सशाची काय कथा. ते पाच दिवस बोंडू मागच्या पडवीत बंद. आरतीच्या वेळी झांजांच्या आवाजाने तसाही तो खोक्यात दडून बसतो. दारातली कण्हेर, घाणेरी आणि धोतरा यांच्याबाबत मी हाच नियम ठेवलाय, तोडून टाकायची म्हटलं तर कण्हेर पूजेला लागते, मग सशाचं फिरणं आखायचं.

दसऱ्यानंतर सड्यावरचं गवत कापायला गडी येतात. लोक ते पार पिवळं झाल्यावर कापतात, कारण मग वाळवावं लागत नाही. मी एका कोपऱ्यातलं थोडं आधी, हिरवट असतानाच कापून घेतलं, बी धरून सगळा कस निघून जायच्या आत. तीन दिवस खळ्यात ऊन दिलं, रोज उलथलं, संध्याकाळी आत घेतलं. वाळलेल्या गवताला जो गोड वास येतो तो आला तेव्हा भारे बांधले. भाताचा पेंढा फुकट होता, पण त्यात पोषण कमी, तो त्याच्या खाली अंथरायला.

हिवाळ्यात वायंगणात, म्हणजे हिवाळी पिकाच्या शेतात, लाल भाजी आली आणि पुन्हा एकदा घाबरगुंडी. खोक्यातला कागद लालभडक. रक्त समजून मी खोकं घेऊन धावले. डॉक्टरांनी पट्टी बुडवून तपासलं, रक्त नव्हतं. पाल्यातल्या रंगद्रव्याने सशाची लघवी लाल होते, कधीकधी नारिंगीही. तपासणीचे पैसे घेतले नाहीत, लेंडीवही मात्र मागून वाचली आणि मुळ्याच्या पानावर "आवडता" असं मी लिहिलं होतं तिथे हसले.

यंदा मिरगाच्या आधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, यादी केली त्यात मीठ, सुकी बोंबील, सोलं, लाकडं यांच्याखाली लेकीने "बोंडूचं गवत ६ गोणी" लिहिलं. गोणी सुती, चुलीच्या खोलीतल्या माळ्यावर, भिंतीपासून हातभर लांब. दर रविवारी एक उघडून हुंगायची. धुराचा वास लागेल अशी भीती होती, तो लागला आणि बोंडूने पहिले दोन दिवस तोंड फिरवलं. नंतर भुकेने समेट झाला.

भाजीवालीला आता सगळं माहीत आहे. मी जायच्या आत ती फ्लॉवरची पानं, मुळ्याचा पाला आणि शेपूचे तुटके देठ वेगळे काढून, मासळीचा वाटा लावतात तसा पानावर वाटा लावून ठेवते. "ह्यो तुमच्या सशाचो वाटो."

पूर्वी फुकट द्यायची. हल्ली पाच रुपये घेते.